चष्मा शोधणारी आजी

६ जानेवारी

धाकट्या मालकांनी आज भरल्या खोलीत मला ‘काका’ म्हटलं. थोरले मालक ‘कलाकार’ म्हणायचे. ते गेले आणि मी काका झालो.

“काका, माकडं आता बास,” म्हणाले. “टाळ्या वाजवणारं माकड, ढोल बडवणारं माकड, सायकलवरचं माकड. दुकानदार कंटाळले, पोरं कंटाळली, मला वाटतं माकडंसुद्धा कंटाळली असतील.” सगळे हसले. मीही हसलो. अशा वेळी न हसणारा माणूस जास्तच हास्यास्पद दिसतो.

जूनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनासाठी त्यांना एक घर हवंय. टेबलावर मावेल एवढं. आत माणसं, आणि ती हलली पाहिजेत. पण चाक, तार, स्प्रिंग, काही म्हणजे काही दिसता कामा नये. “पोराला वाटलं पाहिजे, ही आपली आपण हलतायत.” मला जमलं नाही तर बाहेरून कुणीतरी ‘ताज्या डोक्याचा’ आणणार आहेत, हेही जाता जाता सांगून टाकलं.

घरी आलो तर ही म्हणाली, “चेहरा का असा?” आतून आई म्हणाली, “भूक लागली असेल. वाढ त्याला आधी.” माझी सगळी दुखणी आईला पोटातच सापडतात.

११ जानेवारी

सुचलं! आणि सुचलं ते सोफ्यावर बसल्या बसल्या, काही न करता.

आज आईचा चष्मा हरवला. बाहेरच्याला यात काय विशेष ते कळायचं नाही. आई ऑपरेशन थिएटरमधली नर्स. पोट शिवायच्या आधी चिमटे, कात्र्या, कापसाचे बोळे मोजायचे आणि मोजणी जुळल्याशिवाय सर्जनला टाका घालू द्यायचा नाही, हे तिचं काम. एकदा एका बड्या सर्जनला तिने एका बोळ्यासाठी हात वर धरून उभं ठेवलं होतं. तो आरडाओरडा करत होता, ही ढिम्म. बोळा शेवटी पेशंटच्या पोटातच निघाला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तो बोळा मीच गिळला असावा असं वाटतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून जेवणं झाली की ती चमचे मोजते. “वस्तूंना पाय फुटत नाहीत, माणसं त्यांना चालवतात,” हे तिचं आवडतं वाक्य. लहानपणी माझी पेन्सिल हरवली की हे ऐकूनच मग मार मिळायचा.

तर अशा बाईचा चष्मा मांडीवरून घरंगळला आणि सोफ्याच्या फटीत गेला. मला दिसला. सांगणारच होतो, पण ती शोधायला लागली आणि मी बघतच राहिलो. आधी छाती चाचपली, मग डोकं, मग उशी उचलली, मग खिडकीशी गेली. एवढी शिस्तीची बाई, आणि चष्म्यावाचून कोंबडीसारखी फिरत होती. मला हसू आवरेना.

शेवटी मीच काढून दिला. “बघत होतास?” ती म्हणाली. म्हटलं, “आत्ताच दिसला.”

घरात आजी. मूल तिचा चष्मा लपवणार, चावी देणार, आणि आजी घरभर शोधणार. उद्याच मालकांना सांगतो.

२४ जानेवारी

नमुना तयार झाला. मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण पुढे श्रेय घ्यायला दहाजण येतील.

घराच्या जमिनीखाली दोन बोटं उंचीचा बंद तळ. त्यात चावीचं यंत्र आणि एक मोठी चकती. चकतीत खाच कोरलेली. खाचेतून एक दांडा फिरतो, दांड्याच्या टोकाला चुंबक. वर आजीच्या पायाखाली लोखंडी टिकली. खाली चुंबक जाईल तिकडे वर आजी जाते. चष्मा लपवायला चार जागा: उशीखाली, कुंडीत, चहाच्या डब्यात, शिवणयंत्राच्या खणात. चष्म्याच्या वजनाने त्या जागेखालची पट्टी किंचित दबते आणि दांड्याची वाट बदलते. ती अशी बदलते, की आजी बाकीच्या तिन्ही जागा पालथ्या घालून चष्म्याच्या जागी सगळ्यात शेवटी पोचते. गंमत सगळी यातच आहे. मुलाला माहीत असतं, आजीला नसतं.

यंत्र पहिल्या फटक्यात चाललं. तरी मालकांनी दोनदा चावी देऊन बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “काका, ही म्हातारी शोधत नाहीये. गस्त घालतेय.” आमचे भाग कातून देणारा कातारी लेथवरून मान वर करून म्हणाला, “साहेब, आजी कसली, बस आहे ही. थांबा आला की थांबते, घंटी झाली की निघते.”

मेल्याला मी भागांची मापं द्यायची आणि त्याने मला अक्कल द्यायची. पण खरं आहे. एकदाच बघून खाच कोरायला बसलो, तिथे चुकलं. माकडांच्या वेळी प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचो. डोळ्यांनी दहादा बघितल्याशिवाय चकती कापायची नाही, हा माझाच नियम.

२७ जानेवारी

आईचा चष्मा कुंडीमागे ठेवला. एकदाच. बघायला.

सकाळची वेळ, ही शाळेत शिकवायला गेलेली. मी वर्तमानपत्र धरून बसलो. फार मोलाच्या गोष्टी कळल्या. माणूस शोधताना पुढे पुढे जात नाही. जिथे वस्तू नाही हे नुकतंच बघितलंय, तिथेच परत जातो. आईने उशी तीनदा उचलली! म्हणजे खाचेला मागे वळणं हवीत. आणि छाती चाचपणं मध्येमध्ये, कारण नसताना.

मग मीच म्हटलं, “कुंडीपाशी बघितलंस का?” चष्मा हातात घेऊन ती कितीतरी वेळ कुंडीकडे बघत राहिली. “मी इथे कशाला ठेवीन?” म्हणाली. म्हटलं, “पाणी घालताना ठेवला असशील.” “आज पाणी घातलंच नाही मी.” “मग काल.” आयुष्यात पहिल्यांदा आई माझ्यापुढे गप्प बसली.

५ फेब्रुवारी

मागे वळणारी खाच जमली. कातारी म्हणाला, “आता आजी झाली.” मालक म्हणाले, “बरंय. पण हात मेलेले आहेत.”

हात बघायला हवेत. या वेळी आईची किल्ली घेतली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आई आठवड्यातून दोन सकाळी जाते, ड्रेसिंगचे ट्रे लावून देते आणि तिथल्या नव्या पोरींना मोजणी शिकवते. पैसे घेत नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली डॉक्टरीणबाईंनी विश्वासाने तिच्याकडे दिलेली. ती किल्ली मी टॉवेलांच्या घडीत सरकवली.

आज हात मस्त दिसले. घाई झाली की ती बोटं पसरते आणि हवेतच काहीतरी उचलल्यासारखं करते. लगेच कागदावर काढून घेतलं. दवाखान्यात मात्र तिला उशीर झाला, त्याचं मला वाईट वाटलं. दुपारी मीच टॉवेल काढायच्या निमित्ताने किल्ली ‘शोधून’ दिली. “देवासारखा धावलास,” म्हणाली.

१३ फेब्रुवारी

घरात नको ते झालं.

रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी उचलली होती. मला आई वाकून कशी बघते ते हवं होतं. तेवढ्यात ही अंघोळ करून बाहेर आली, आणि मी गडबडीत डबी हिच्या कपाटात साड्यांच्या मागे टाकली. नंतर काढून खाली ठेवायची असं ठरवलं होतं, पण कारखान्यातून फोन आला आणि मला निघावं लागलं.

डबी आईलाच सापडली. संध्याकाळी घरी आलो तर दोघी समोरासमोर.

“माझ्या गोळ्या तुझ्या साड्यांत कशा गेल्या?”

“आई, मी कशाला ठेवू तुमच्या गोळ्या?”

“तेच विचारतेय. मला वेडी ठरवायचंय का तुला?”

“असं बोलू नका हो. तुम्हीच ठेवल्या असतील. हल्ली तुम्ही विसरता.”

हे शेवटचं वाक्य हिच्या तोंडून निसटलं. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. आई तिच्या खोलीत जाऊन बसली, तीही बहुतेक रडलीच. मी कुणाची बाजू घेतली नाही. सासूसुनांच्या मध्ये पडणाऱ्याचं भलं होत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकलो.

जेवताना ही मला हळूच म्हणाली, “अहो, मी खरंच नाही ठेवली.” म्हटलं, “मला माहितीये गं.” तिच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. किती चांगला नवरा मिळाला असं वाटलं असेल तिला.

१६ फेब्रुवारी

ठरवलं होतं की आता पुरे. कानाला खडा लावला होता. पण मालक म्हणतात, “शेवट फिका आहे. चष्मा सापडायच्या आधी काहीतरी झालं पाहिजे. काय, ते तुम्ही बघा. कलाकार तुम्ही.”

कलाकार म्हणाले मला.

२१ फेब्रुवारी

मिळालं.

चष्मा या वेळी फ्रिजच्या वर ठेवला, तिच्या हाताला येणार नाही असा. म्हणजे शोधणं लांबेल. लांबलं. उशी, खिडकी, कुंडी, कपाट, परत उशी. आणि मग ती खोलीच्या मधोमध थांबली. दोन्ही हात पुढे, तळवे वर, रिकामे. काही मागतही नव्हती, शोधतही नव्हती. नुसती उभी. ओठ हलत होते. मी जवळ जाऊन ऐकलं, तर घरातल्या वस्तू एकेक करून मोजत होती.

मला माझा शेवट मिळाला. चष्मा सापडायच्या आधी आजी घराच्या मधोमध येऊन थांबते आणि हात पुढे करते. यंत्रात हे करायला अवघड आहे, कारण चकती थांबवायची नाही आणि आजी थांबवायची. चकतीच्या मध्यावर खाच गोल केली की चकती फिरत राहिली तरी दांडा जागच्या जागी राहील.

मी तिला धरून खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. ती म्हणाली, “माझं डोकं जातंय रे.” म्हटलं, “होतं असं वयात.” दुसरं काय बोलणार होतो?

२५ फेब्रुवारी

आईने दवाखान्याची किल्ली परत केली. स्वतः गेली नाही, मला पाठवलं. “त्यांना सांग, आता जमत नाही. माझ्या हातून एखादी सुई कुणाच्या अंगात राहिली तर?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, त्यांच्याइतकं नेमकं इथे कुणीच नाही. गेल्या आठवड्यात माझी चूक त्यांनीच पकडली.” ट्रे लावायला शिकणारी एक मुलगी डोळे पुसायला लागली. मला उगाच संकोच झाला. किल्ली टेबलावर ठेवली आणि निघालो.

येताना मध्यावरच्या गोल खाचेचं माप डोक्यात पक्कं झालं.

६ मार्च

ही आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्यांच्या भांडणानंतर हिचं असं झालंय की आईला तळहातावर ठेवते. कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या आहेत: चष्मा, किल्ल्या, गोळ्या. आमचं घर आता दुकान दिसतं.

डॉक्टरांनी आईकडून शब्द पाठ म्हणून घेतले, उलटे आकडे म्हणवून घेतले, चित्रं काढून घेतली. सगळं बरोबर. “वयाच्या मानाने उत्तम,” म्हणाले. मला हायसं वाटलं. म्हणजे आपल्यामुळे काही बिघडलेलं नाही.

पण आईचा विश्वास बसेना. “मला बरं वाटावं म्हणून बोलतात ते,” म्हणाली. “मीसुद्धा किती जणांना असं बोलले आहे.” आता चमचेही मोजत नाही. हिने मोजून सांगितले तर मान हलवते.

१८ मार्च

कारखान्यातल्या लोकांची मुलं बोलावून चाचणी घेतली. जमिनीवर सतरंजी, मध्ये घर, भोवती पोरं. एका मुलीने चष्मा चहाच्या डब्यात टाकला आणि चावी दिली.

आजी उशीशी गेली. हसू. कुंडीशी गेली. हसू. परत उशीशी! पोरं लोळायला लागली. “तिथे नाहीये गं आजी! येडी आजी!” आणि मग ती मधोमध येऊन थांबली, हात पुढे केले. मला वाटलं, इथे गप्प होतील. छे! सगळ्यात मोठा हशा तिथेच. एकाने तर तिच्यासारखे हात करून दाखवले, मग सगळ्यांनीच केले. खोलीभर पोरं हात पसरून उभी आणि हसून हसून बेजार.

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कातारी तेवढा हसला नाही. “माझ्या आजीची आठवण झाली,” म्हणाला आणि लेथकडे गेला. असतात काही माणसं, कशातच गंमत न वाटणारी.

२९ मार्च

आज थोडक्यात वाचलो.

शेवटचं काम उरलं होतं: चष्मा डोळ्यांवर चढवतानाची मान. त्यासाठी सकाळी आईचा चष्मा घेतला, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. हातातल्या हातात तो माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. त्या खणाला बाहेरून कुलूप नाही, कळ आहे. मूठ दाबून डावीकडे सरकवली तरच उघडतो. कॉलेजात असताना मीच बनवली, आणि ती घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. दारात मालकांचा माणूस होता. त्याच्याबरोबर तसाच गेलो. चष्मा खणातच राहिला.

दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी दार उघडलं तर समोर आई बसलेली, डोळ्यांवर चष्मा.

“सापडला वाटतं,” म्हटलं.

“सापडला.”

“कुठे होता?”

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप बघताना अशी बघायची, हात कपाळावर आणि नजर कुठेतरी माझ्या आत. मग तिनेच नजर काढून घेतली. “माझ्याच खोलीत होता. मीच ठेवला असेन. विसरले.”

जीव भांड्यात पडला. मग खण उघडून बघितला. माझा खण म्हणजे उकिरडा असतो. पण आत पक्कड, चिमटे, कात्र्या, पट्ट्या सगळं मापाप्रमाणे ओळीने लावलेलं, मुठी एका बाजूला. हिनेच आवरला असणार. किती वेळा सांगितलंय माझ्या टेबलाला हात लावू नको म्हणून. सकाळी गडबडीत खण नीट लागला नसेल, चष्मा तिनेच काढून आईच्या खोलीत ठेवला असेल. दुसरं काय असणार?

३० मार्च

सकाळी आईने हिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “गोळ्यांवरून तुझ्यावर आळ घेतला होता मी. चुकले गं.” ही गोंधळली. “आई, ते कधीचं झालं, कशाला आठवता?” “आठवतंय म्हणून,” आई म्हणाली.

म्हणजे जुनं आठवतं, नवं विसरते. असंच होतं म्हणे या दुखण्यात.

चष्म्याला तिने दोरी बांधली आहे. तो आता गळ्यातच असतो, झोपतानासुद्धा. माझं काम झालंय, त्यामुळे मला काही अडचण नाही.

१४ एप्रिल

आईने जेवताना सांगितलं की तिला वृद्धाश्रमात जायचंय. जागा बघून ठेवली आहे, फोनही केलाय. एक जुनी मैत्रीण तिथे आहे.

ही उठूनच उभी राहिली. “माझं काही चुकलं का?”

“तुझं काही नाही. मला विसरायला होतं. उद्या गॅस उघडा राहिला तर?”

“पण डॉक्टर तर म्हणाले...”

“डॉक्टरांना काय कळतंय!” आई म्हणाली. जन्मात डॉक्टरांबद्दल असं बोलली नव्हती. मग माझ्याकडे वळली. “तू सोडायला येशील ना? आणि कुणी विचारलं तर सरळ सांग, आईला आठवत नाही. त्यात लाजायचं काही नाही.”

मी म्हटलं, “तुझी मर्जी.” थोडा आग्रह करायला हवा होता का? पण ती इतकी शांत होती की वाटलं, हिच्यासाठी हेच बरं. आणि खरं सांगायचं तर या घरात आपल्यावर सतत कुणाची तरी नजर आहे असं मला हल्ली वाटत होतं, तेही जाईल.

३ मे

आई गेली. एक बॅग, दोन पिशव्या. निघायच्या आधी सगळ्या घरातून एक फेरी मारली. कपाटं उघडून बघितली. हिने डकवलेल्या चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या आणि म्हणाली, “आता यांची गरज नाही.” दारात हिला जवळ घेतलं. “घरातलं सगळं जागच्या जागी आहे. मोजून बघितलंय. यापुढे काही हरवलं तर स्वतःला दोष देऊ नकोस.”

ही दिवसभर रडते आहे. मला विचारत होती, “आई असं का म्हणाल्या?” म्हटलं, “म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याचा काय अर्थ लावायचा!”

१२ जून

प्रदर्शनात आमच्याच टेबलापुढे गर्दी! खोक्यावर नाव छापलंय, ‘चष्मा शोधणारी आजी’. मोठी माणसं रांगेत उभी राहून चावी देत होती. मधोमध थांबण्याला तर लोक टाळ्या वाजवत होते. एक बाई मला म्हणाल्या, “किती बारीक निरीक्षण आहे तुमचं! घरातूनच सुचलं असणार.” मी म्हटलं, “माझ्या आईवरून.” त्या म्हणाल्या, “भाग्यवान आहेत त्या.”

मालक आता सगळ्यांसमोर मला कलाकार म्हणतात. पुढचं खेळणं मागितलंय, ‘पडणारे आजोबा’. कातारी काम सोडून गेला. कारण सांगितलं नाही.

ही मात्र प्रदर्शनाला आली नाही. घरी आणलेलं ते खेळण्यातलं घर तिने एकदाच चालवून बघितलं. आजी मध्ये येऊन उभी राहिली तशी उठली आणि आईच्या खोलीत जाऊन बसली. हल्ली तिथेच झोपते. स्तुती करायलाही मन मोठं लागतं.

७ जुलै

आईला भेटून आलो. खोक्यातली एक नवी आजी भेट म्हणून नेली होती.

मॅट्रनबाई दारातच भेटल्या आणि आईचं कौतुक सांगत बसल्या. आश्रमातलं औषधांचं कपाट आता आईच लावते. कुणाची कुठली गोळी, किती उरल्या, कधी संपतील, सगळं तोंडपाठ. “आम्ही वहीत बघून सांगतो, त्या न बघता सांगतात. तुम्ही लिहून दिलं होतं की स्मृती गेली आहे! आम्हाला तर कुठे दिसत नाही.” म्हटलं, हवापालट मानवला असेल.

आई व्हरांड्यात येऊन बसली. बरी दिसत होती, अंगाने भरली आहे. पण चष्मा नव्हता. गळ्यात दोरीही नव्हती. डोळे बारीक करून माझ्या दिशेने बघत होती.

“चष्मा कुठाय तुझा?” मी विचारलं.

“नाही आणला. असाच बरा दिसतोस तू.”

मी घर उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिला काही दिसत नव्हतं. तिने बोटांनी सगळं चाचपलं, उशी, कुंडी, डबा. आजी सापडली तिला. त्या इवल्याशा हातांवरून तिचं बोट दोनदा फिरलं. तळव्यांवरून. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

“चष्मा तू लपवायचा, मग चावी द्यायची,” मी म्हटलं.

“मला नाही जमायचं लपवायला,” ती म्हणाली. मग घर उलटं करून तळावर टकटक केलं. “खाली आहे का सगळं?”

“हो. बाहेरून काही दिसत नाही.”

“छान केलंयस.” घर माझ्या हातात दिलं. “हिला सांभाळ. आणि भेटायला सारखा येत जाऊ नकोस, लांब पडतं तुला.” माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीला धरत धरत आत गेली. दार चुकली, मग सापडलं.

निघताना कचेरीत सही करायला गेलो. आईचा चष्मा मॅट्रनबाईंच्या टेबलावर, बाजूला कपाटाची किल्ली आणि गोळ्यांची डबी. तिन्ही वस्तू ओळीने लावलेल्या.

“हे इथे कसं?” मी विचारलं.

बाई जरा अवघडल्या. “त्यांचंच सांगणं आहे. मुलगा आला की हे माझ्याकडे कुलपात ठेवायचं आणि तो गेला की परत द्यायचं. कारण विचारलं तर काही बोलत नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. या वयात काही जणांचं असं होतं, जवळच्याच माणसाचा संशय यायला लागतो. तेही दुखण्याचंच लक्षण असतं.”

लक्षण! किती महिने छातीवर एक धोंडा होता, इथेसुद्धा कधी लिहिला नाही. तो त्या एका शब्दाने उतरला. म्हणजे आईला खरंच काहीतरी झालेलं आहे. माझ्या आधीपासूनच असणार. मी बाईंचे मनापासून आभार मानले.

येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घर मांडीवर होतं, आणि बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.